जहाजाची जाडी कोणी ठरवायची?

१२ डिसेंबर १९९९ हा रविवार होता. आपल्याकडे दुपारच्या जेवणाची पाने मांडली जात होती, त्या सुमारास फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर नुकतेच उजाडत होते. किनाऱ्यापासून साठ-सत्तर किलोमीटरांवर, वादळी समुद्रात, ‘एरिका’ नावाचे तेलवाहू जहाज उसाचे कांडे मोडावे तसे मोडले. ते खडकावर आपटले नव्हते. दुसऱ्या जहाजाशी त्याची टक्कर झाली नव्हती. आग नाही, स्फोट नाही. लाटांनी वाकवले आणि ते दुभंगले, इतकेच. डंकर्कहून इटलीतील लिव्होर्नोकडे निघालेल्या या जहाजात सुमारे ३१ हजार टन जड इंधन तेल होते. त्यातले जवळजवळ २० हजार टन समुद्रात गेले. नाताळच्या सुमारास ते काळे, चिकट तेल किनाऱ्याला लागले आणि सुमारे चारशे किलोमीटरचा किनारा बरबटला.

जहाजावर २६ माणसे होती आणि ती सगळी भारतीय होती. हेलिकॉप्टरमधून दोर सोडून त्यांना वर ओढून घेण्यात आले. सुदैवाने सगळे वाचले. कप्तानाला मात्र किनाऱ्यावर उतरल्यावर काही दिवस तुरुंगात काढावे लागले.

आता गंमत पाहा. हे जहाज चोरटे नव्हते. १९७५ साली जपानमध्ये बांधलेले, माल्टाचा झेंडा लावलेले, एका नामांकित फ्रेंच तेल कंपनीने भाड्याने घेतलेले. त्याच्याकडे सुरक्षिततेची सर्व प्रमाणपत्रे होती आणि ती मुदतीत होती. ‘सर्व कागदपत्रे योग्य आहेत’ हे वाक्य मी बँकेच्या नोकरीत फायलींवर किती वेळा लिहिले असेल, त्याची गणती नाही. म्हणून असेल कदाचित, पण योग्य कागदपत्रांनिशी मधोमध मोडलेल्या या जहाजाने माझा पिच्छा कधी सोडला नाही.

समुद्र जहाजाला वाकवतो

जहाज बुडते ते तळाला भोक पडून, अशी आपली साधी समजूत असते. खरे म्हणजे मोठे जहाज ही पाण्यावर ठेवलेली एक लांब, पोकळ तुळई असते. घरातली लांब फळी दोन टोकांना विटा देऊन ठेवली आणि मधे कोणी बसले, तर ती खाली वाकते. मधे एकच वीट ठेवून दोन्ही टोकांना मुले बसली, तर ती उलटी वाकते. लाटेचा माथा जहाजाच्या मध्यावर आला की दुसरा प्रकार होतो. दोन माथे दोन टोकांना आले की पहिला. भर समुद्रात हे दर काही सेकंदांनी घडत असते. वीस-पंचवीस वर्षांच्या आयुष्यात जहाज असे दहा कोटी वेळा तरी वाकते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, हे आपण लहानपणी करून पाहिलेले असते. पोलादही असेच थकते.

आखातातून कच्चे तेल आणणारे सर्वांत मोठ्या वर्गातले जहाज घ्या. लांबी सुमारे ३३० मीटर, रुंदी ६० मीटर, पोटात २० लाख पिंपे तेल. त्याच्या पत्र्याची जाडी किती असेल? बहुतेक ठिकाणी दोन सेंटिमीटरच्या आसपास. हे जहाज लहान करून आपल्या दहा फुटी खोलीएवढे केले, तर त्याचा पत्रा जाडसर कागदाएवढा होईल! जहाजाला बळ येते ते या पत्र्याला आतून जोडलेल्या फासळ्यांमुळे आणि पट्ट्यांमुळे. त्या किती, केवढ्या, किती अंतरावर आणि पत्रा नेमका किती मिलिमीटर, यावर सारे अवलंबून.

आणि खर्चही यावरच अवलंबून. जाडी एका मिलिमीटरने कमी केली की शेकडो टन पोलाद वाचते. तेवढी किंमत कमी होते आणि तेवढा माल जास्त नेता येतो. १९७० आणि ८० च्या दशकांत संगणक आले, जास्त ताण सोसणारे पोलाद आले आणि जहाजे हलकी होत गेली. हिशेब अगदी नेमका करता येऊ लागला, म्हणजे पूर्वी अज्ञानापोटी ठेवलेली जादा जाडीही काढून टाकता येऊ लागली. त्याचा परिणाम असा, की १९९० च्या सुमारास काही महाकाय तेलवाहू जहाजांच्या बाजूच्या पट्ट्यांना बांधल्यानंतर अवघ्या तीन-पाच वर्षांत तडे जाऊ लागले.

शिक्का कोणाचा, फी कोणाची

मग जाडी किती असावी, हे ठरवत कोण होते? सरकारे नव्हेत. हे काम वर्गीकरण संस्थांचे. खलाशांच्या भाषेत ‘क्लास’. अठराव्या शतकात लंडनमध्ये एडवर्ड लॉइडच्या कॉफीगृहात जहाजांचा विमा उतरवणारे व्यापारी जमत. ज्या जहाजावर पैसे लावायचे ते कसे आहे, हे त्यांना कळायला हवे होते. त्यातून १७६० साली जहाजांची प्रतवारी लावणारी पहिली संस्था निघाली. पुढे अनेक देशांत अशा संस्था झाल्या. आपल्याकडे १९७५ साली ‘इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग’ स्थापन झाली. तिचे मुख्यालय मुंबईत, पवईला आहे.

या संस्था नियम करतात, नकाशे तपासतात, बांधकामावर देखरेख ठेवतात आणि पुढे जहाज चालू असेपर्यंत ठराविक मुदतीने त्याची तपासणी करतात. त्यांच्या प्रमाणपत्राशिवाय विमा नाही, कर्ज नाही, माल नाही. काम जोखमीचे आणि बहुतेक वेळा प्रामाणिकपणे केलेले. पण मेख एका ठिकाणी होती. प्रत्येक संस्थेचे नियमांचे पुस्तक वेगळे होते. आणि फी देत होता तो ज्याचे जहाज तपासायचे तोच. आधी बांधणारा कारखाना, मग मालक. एका पुस्तकाप्रमाणे जे जहाज जड होई, ते दुसऱ्या पुस्तकाप्रमाणे थोडे हलके बसे. मग कारखानदार कुठे जाणार?

ही गोष्ट मला दूरची वाटत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मी कोकणातल्या एका किनारी शाखेत होतो. यांत्रिक मच्छीमार नौकांसाठी तेव्हा कर्जे दिली जात. एका तांडेलाची फाइल माझ्यापुढे आली. अंदाजपत्रक होते, नौकेची तपासणी करणाऱ्याचा दाखला होता, विमा होता. सर्व कागदपत्रे योग्य आहेत, असे लिहून मी सही केली. नंतर कळले, की आधीच्या एका तपासनिसाने फळ्या जाड घ्या आणि फासळ्या जवळ घाला म्हणून सांगितले होते. खर्च वाढत होता, म्हणून तांडेलाने त्याला सोडले आणि दुसरा गाठला. त्याची फी अर्थातच तांडेलानेच दिली. यात लबाडी कोणाचीच नव्हती. दुसऱ्या तपासनिसाच्या मते तेवढी जाडी पुरेशी होती.

दुसऱ्याच हंगामात नौकेने पाणी धरले. पाच माणसे रात्रभर पाणी उपसत कशीबशी बंदराला लागली. मी दुसऱ्या दिवशी गेलो, तेव्हा एक म्हातारा मिस्त्री लाकडी हातोड्याने एकेक फळी ठोकून कान देत होता. मला पाहून म्हणाला, “साहेब, कागद बघितलात. होडी बघितलीत काय?” माझ्याकडे उत्तर नव्हते. ती पाच माणसे चेष्टा करत चहा पीत बसली होती, तेवढेच माझे नशीब.

जो तपासला जातो त्यानेच तपासनीस निवडायचा आणि त्याला पैसे द्यायचे, अशी रीत असली की मापदंड खाली सरकतो. तो एकदम कोसळत नाही, दरवेळी केसाएवढा सरकतो. २००८ च्या अमेरिकी आर्थिक संकटात पतमापन संस्थांच्या बाबतीत नेमके हेच दिसले. रोखे विकणारेच त्या संस्थांना फी देत होते आणि कच्च्या कर्जांच्या गाठोड्यांवर सर्वोच्च दर्जाचे शिक्के बसत होते.

एका महिन्यातल्या दोन घटना

‘एरिका’नंतर युरोप खवळला, पण जहाज-व्यवसाय हलला तो दुसऱ्या तडाख्याने. १३ नोव्हेंबर २००२ रोजी स्पेनच्या गॅलिसिया किनाऱ्याजवळ वादळात ‘प्रेस्टिज’ या तेलवाहू जहाजाची एक बाजू फाटली. १९७६ सालचे बांधकाम, पोटात ७७ हजार टन जड तेल. कप्तानाने आसरा मागितला. स्पेनने जहाज बंदरात घेण्याऐवजी भर समुद्रात ओढून न्यायला लावले. सहाव्या दिवशी ते दोन तुकडे होऊन बुडाले. साठ हजार टनांहून अधिक तेल बाहेर आले. ६७ वर्षांच्या ग्रीक कप्तानाला ८३ दिवस तुरुंगात ठेवले गेले. याही जहाजाकडे वैध प्रमाणपत्रे होती.

जहाजाचे मालक ग्रीक, झेंडा बहामाचा. त्याच महिन्यात लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेपुढे एक प्रस्ताव आला: जहाजे किती मजबूत असावीत याची उद्दिष्टे जगाने मिळून ठरवावीत, ती वर्गीकरण संस्थांवर सोडू नयेत. प्रस्ताव मांडणारे देश होते ग्रीस आणि बहामा! जहाजांवर ज्यांची रोजीरोटी चालते तेच देश ‘आम्हाला मजबूत जहाजे द्या’ म्हणत होते. ग्राहकालाच वाटू लागले होते, की स्वस्तातली ही चढाओढ आता पुरे.

वर्गीकरण संस्थांनाही ते उमजले होते. त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतील अमेरिकन, नॉर्वेजियन आणि ब्रिटिश अशा तीन मोठ्या संस्था तेलवाहू जहाजांचे समान नियम लिहायला एकत्र बसल्या. इतरांनी कोरडा माल नेणाऱ्या जहाजांचे नियम हाती घेतले. कालपर्यंतच्या स्पर्धकांनी एकाच टेबलावर आपापली पुस्तके उघडायची, हे सोपे नव्हते. १ एप्रिल २००६ पासून करार झालेल्या, १५० मीटर किंवा अधिक लांबीच्या, दुहेरी कवचाच्या तेलवाहू जहाजांना समान संरचना नियम लागू झाले. संस्था कोणतीही निवडा, जाडीचे गणित एकच.

घसाऱ्याचे गणित

या नियमांतली मध्यवर्ती कल्पना बँकवाल्याला चटकन कळण्यासारखी आहे. ती म्हणजे घसारा. खाऱ्या पाण्यात पोलाद झिजते. विशेषतः दुहेरी कवचाच्या मधल्या टाक्यांत. जहाज रिकामे असताना तोल सांभाळण्यासाठी त्यांत समुद्राचे पाणी भरतात. आतल्या तेलाची ऊब, बाहेरून खारे पाणी, अंधार आणि अडचण. गंज चढायला आणखी काय हवे? म्हणजे तेल सांडू नये म्हणून आणलेल्या दुसऱ्या कवचाने गंजासाठी एक नवी जागाही करून दिली.

नव्या नियमांनी सांगितले, की आधी निव्वळ जाडी ठरवा. जहाज म्हातारे झाल्यावरही जी शिल्लक राहिलीच पाहिजे ती. हे भांडवल. मग प्रत्येक जागेच्या स्वभावाप्रमाणे त्यावर झिजेसाठी काही मिलिमीटर जादा द्या. हा घसारा निधी. घसारा संपून भांडवलाला हात लागायची वेळ आली की तेवढे पोलाद कापून नवे घालायचे, ‘पुढच्या तपासणीला बघू’ नाही. आयुष्य धरायचे २५ वर्षे. आणि समुद्र धरायचा उत्तर अटलांटिकचा, जगातल्या अत्यंत खडतर सागरी मार्गांपैकी एक. जहाज प्रत्यक्षात शांत पाण्यात फिरणार असले तरीही. कारण जहाज विकले जाते, नाव बदलते, झेंडा बदलतो. आज ते कुठे चालते यावर उद्याचा भरवसा धरता येत नाही. ‘एरिका’नेही आयुष्यात अनेक नावे, मालक आणि वर्गीकरण संस्था बदलल्या होत्या.

सारे सुरळीत झाले असे नाही. दोन गटांनी लिहिलेल्या दोन पुस्तकांत लाटांचा भार मोजण्याची रीतच वेगळी निघाली. ती जुळवून एकच पुस्तक करायला १ जुलै २०१५ उजाडावा लागला. जहाजे जड झाली म्हणून कारखान्यांनी कुरकुर केली. आणखी एक आक्षेप असा, की सगळ्यांचा नियम एक म्हणजे चूक झाली तर ती सगळीकडे एकच. आक्षेप खोटा नाही. पण मग दुरुस्तीही सगळीकडे एकदमच होते, आणि दहा पुस्तकांतल्या दहा चुका शोधण्यापेक्षा एका पुस्तकातली चूक शोधणे सोपे. तपासनिसाचाही तपासनीस आला: आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१० मध्ये उद्दिष्टे मंजूर केली आणि २०१६ मध्ये बारा वर्गीकरण संस्थांचे नियम त्यांच्याशी ताडून पाहिले. या संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत आपली पवईची संस्था २०१० पासून पूर्ण सभासद आहे.

जबाबदारीचा निवाडा मात्र अजून एक झालेला नाही. पॅरिसच्या न्यायालयाने २००८ मध्ये ‘एरिका’ प्रकरणी तेल कंपनीबरोबर प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गीकरण संस्थेलाही दोषी धरले आणि सप्टेंबर २०१२ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने ‘प्रेस्टिज’ची वर्गीकरण संस्था स्पेनला काही देणे लागत नाही, असा निर्णय दिला. शिक्का मारणाऱ्याची जबाबदारी एकाच वर्षात अटलांटिकच्या एका तीरावर होती, दुसऱ्या तीरावर नव्हती.

तरीही फरक पडला आहे. १९७० च्या दशकात तेलवाहू जहाजांतून सात टनांहून अधिक तेल सांडण्याच्या घटना वर्षाला सरासरी ७० ते ८० होत. २०१० च्या दशकात त्या सहा-सातवर आल्या. याचे श्रेय एकट्या समान नियमांना देता येणार नाही. दुहेरी कवच, बंदरांतल्या कडक तपासण्या, दिशादर्शक उपकरणे यांचाही वाटा मोठा. पण सगळ्यांमागचे सूत्र एकच. ज्या चुकीची किंमत तिसरा माणूस मोजतो, ती चूक किती करायची हे पहिल्या दोघांच्या व्यवहारावर सोडायचे नाही.

नियमाबाहेरची जहाजे

मग आता निश्चिंत व्हायचे का? १५ डिसेंबर २०२४ हा दिवसही रविवारच होता. काळ्या समुद्राजवळ, केर्चच्या सामुद्रधुनीत, ‘व्होल्गोनेफ्त-२१२’ हे रशियन तेलवाहू जहाज वादळात मोडले. पाठोपाठ ‘व्होल्गोनेफ्त-२३९’ही निकामी होऊन किनाऱ्याकडे वाहत गेले. पहिले १९६९ सालचे, दुसरे १९७३ चे. मुळात नदीत चालण्यासाठी बांधलेल्या वर्गातली ही जहाजे. एक खलाशी गेला. रशियाच्या अधिकृत अंदाजानुसारच सुमारे २,४०० टन तेल सांडले आणि अनापाच्या पुळणीवर हजारो स्वयंसेवक फावडी घेऊन उतरले. ब्रिटनीतलेच चित्र, पंचवीस वर्षांनंतर.

समान नियम यांना लागू नव्हते. ते नव्या आणि मोठ्या जहाजांना लागू होतात. जुने जहाज जुन्याच हिशेबावर चालते. आणि २०२२ नंतर युक्रेन युद्धामुळे रशियन तेलावर निर्बंध आल्यापासून जगात जुन्या तेलवाहू जहाजांचा एक मोठा ताफा तयार झाला आहे. मालक कोण हे धड कळत नाही, झेंडा वारंवार बदलतो, विम्याचा भरवसा नाही. भंगारात जायची वेळ आलेली जहाजे चढ्या भावाने विकली गेली.

हा प्रश्न आपल्या दाराशी येतो तो इथे. भारत आपल्या गरजेचे ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो आणि ते समुद्रानेच येते. २०२२ पूर्वी त्यात रशियाचा वाटा एक-दोन टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो एक तृतीयांशाच्या पुढे गेला. स्वस्त तेल घेतले यात गैर काही नाही. गरीब देशाने घ्यावेच. परंतु सवलत मोजताना ते आणणाऱ्या जहाजाचे वय आणि त्याच्या प्रमाणपत्रावरचा शिक्काही पाहायला हवा. मुंबईतील नौवहन महासंचालनालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये जहाजांच्या वयाला मर्यादा घालणारा आदेश काढला, ते पाऊल योग्यच होते. अशा आदेशातून कोणाला, किती दिवस सूट मिळते, यावर आपण नागरिकांनी लक्ष ठेवायला हवे. किनारा आपला आहे. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन शेकडो टन तेल सांडले, तेव्हा कोळीवाड्यांत मासळीला गिऱ्हाईक राहिले नव्हते. ते तर जहाजाचे स्वतःचे इंधन होते. तेलवाहू जहाजाचा माल नव्हता.

आणि माणसेही आपली आहेत. जगातल्या जहाजांना सर्वाधिक खलाशी पुरवणाऱ्या मोजक्या देशांत भारत आहे. कोकणातल्या कितीतरी घरांत पडवीतल्या भिंतीवर जहाजाचा फोटो असतो आणि मुलगा किंवा जावई ‘बोटीवर’ असतो. त्याला एजंटाने कोणत्या बोटीवर चढवले, ती कोणत्या सालची, तिचा क्लास कोणता, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. पगार किती आणि रजा कधी, एवढेच विचारले जाते. स्थळ पाहताना सात पिढ्यांची चौकशी करणाऱ्या आपण जहाजाची एवढी तरी करावी.

तो म्हातारा मिस्त्री आता नाही. त्याने ती नौका पुढे दुरुस्त केली. चार फळ्या बदलल्या, फासळ्या वाढवल्या. त्यासाठीचे जादा कर्ज मीच मंजूर केले. त्या वेळी मात्र सही करण्यापूर्वी बंदरावर गेलो, चपला काढून आत उतरलो आणि त्याच्या हातातला हातोडा मागून घेतला. मला आवाजातला फरक कळला नाही. तो म्हणाला, “कळंल, साहेब. रोज ठोकायला लागतं.”